लांडग्याला अडवणारं खुराडं

मला कोंबड्या पाळायच्यात, हे मी घरात जाहीर केलं त्या दिवशी दसरा होता. नव्वदनंतरचीच ती वर्षं. लग्न होऊन मी कळसला आले त्याला चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघं. आमचे हे कारखान्यात पाळीवर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आणि सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायची. त्या दिवशी थोरले दीरही आले होते. ते इंदापूरला नोकरीला, घरही तिथंच बांधलेलं. आपट्याची पानं एकमेकांच्या हातावर ठेवून झाली, चहा झाला, आणि भावजींनी विषय काढला.

"आबा, भाऊबीज झाली की सोमवारी येतो न्यायला. आता तुमी इंदापुरातच राहायचं. दवाखाना जवळ हाय, टीव्ही हाय. हितं काय ठेवलंय?"

आबांनी मांडीवरची काठी या हातातनं त्या हातात घेतली आणि म्हणाले, "येतो."

बस. एवढंच.

आबांनी आदल्या वर्षी मेंढरं विकली होती. बापआज्यापासनं चालत आलेली. माळ होता तोवर चाललं. मग कॅनॉलचं पाणी आलं, माळावर ऊस आला, उरल्यासुरल्या गवताला तारा आल्या. मेंढरं फिरवायची कुठं? दोन्ही मुलं नोकरीला, आबांचे गुडघे कुरकुरायला लागलेले. शेवटी एका दिवशी टेम्पो आला नि घेऊन गेला. त्या दिवसापासून आबा ओट्यावर घोंगडी टाकून बसायचे. मांडीवर काठी आडवी. ती काठी भरीव कळकाची, त्यांच्या डोक्याच्या वर हातभर जाणारी, खाली लोखंडी शेंबी ठोकलेली. मेंढरं गेली तरी काठी हातातनं सुटली नव्हती. परसाकडेला जातानाही बरोबर.

तर भावजी "हितं काय ठेवलंय" म्हणाले, आबा "येतो" म्हणाले, आणि मी मधेच बोलले, "मला कोंबड्या पाळायच्यात."

खोटं कशाला सांगू, कोंबड्या मला हव्याच होत्या. अंड्यासाठी दुकानात जायचं म्हणजे काय ते. पण त्याच क्षणी ते तोंडातनं निघालं त्याचं कारण कोंबड्या नव्हत्या. मला आबा जायला नको होते. हे पाळीवर गेले की दिवसभर घरात मी आणि आबा. आमचं सकाळी चहाच्या साखरेवरून जे भांडण सुरू व्हायचं ते संध्याकाळच्या दिव्यापर्यंत पुरायचं. त्या माणसाला इंदापूरच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीपुढं बसवायचं, हे मला पटतच नव्हतं.

आबा माझ्याकडं बघत राहिले. "कोंबड्या? मेंढरांच्या घरात?"

"मग? मेंढरं हायत का आता?"

"तुला काय कळतंय कोंबडीतलं?"

"पिंपळीला माझ्या आईकडं पंधरा-वीस कोंबड्या हायत. कोंबड्यांतच वाढलेय मी. मला सगळं कळतं."

हे शेवटचं वाक्य मी फार ठसक्यात बोलले. खरं सांगायचं तर माहेरी माझं कोंबड्यांतलं काम एकच होतं. दिवस कलला की आई आवाज द्यायची, मग मी कोंबड्या पकडून द्यायच्या नि आईनं त्यांच्यावर बांबूचं मोठं डालगं पालथं घालायचं. बाकी मी अंडी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टिकाव, घमेलं नि खराटा घेतला आणि वाडग्यात शिरले. वाडगं म्हणजे घरामागची मेंढरं कोंडायची जागा. छातीइतकी दगडी भिंत, मध्ये मोकळं, एका कोपऱ्यावर लिंबाच्या फांद्या आलेल्या. मेंढरं गेल्यावर आबांनी तिथं कुणी पाय ठेवायचा नाही असं सांगितलं होतं. स्वतःही गेले नव्हते. वर्षभरात आत रुई नि घाणेरी माजली होती.

दोन टिकाव घातले नाहीत तोवर बाहेरनं आवाज आला.

"कोण हाय गं आत?"

"तुमची सून हाय."

"भायेर ये."

"न्हाय येत."

"वाडग्यात कुणी शिरायचं न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं?"

"सांगितलंय की. पन तुमी भाऊबीज झाली की इंदापूरला चाललाय. मग हितं कुणी शिरायचं ते मी ठरवणार."

जीभ माझी अशीच आहे. बोलून गेले आणि वाईट वाटलं. आबा दारात उभे राहिले, आत पाऊल टाकेनात. मी आपली मुकाट्यानं कोपऱ्यात दगड रचायला लागले. दोन बाजूंना जुनी भिंत होतीच, तिसरी घातली की खुराडं होणार, असा माझा हिशेब. चौथा थर लावला नि सगळी भिंत माझ्या पायावर आली.

"आई गं!"

"दगड रचतीयास का भाकरी थापतीयास?" आबा ओरडले. "थोरला दगड खाली घालत्यात! सर बाजूला!"

आणि आले की आत. वर्षानं. माझा अंगठा ठणकत होता, पण मी पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

त्या दिवसापासून ते काम माझं राहिलं नाही. आबा बसल्या जागेवरनं काठीनं दाखवायचे, हा दगड आण, तो फिरव, ह्याच्या फटीत बारक्या दगडाची खपली घाल. मी आणायची, ते बसवायचे. बोट शिरेल एवढी फट ठेवली नाही भिंतीत. जमीन चोपून सारखी केली. भिंतीवर बाभळीच्या काटेरी फांद्या अशा गच्च लावल्या की मला वाळत घातलेलं लुगडं काढायलासुद्धा तिकडनं जाता येईना. मग एक दिवस माळ्यावर चढायला लावलं मला आणि वाघर खाली काढली. वाघर म्हणजे रानात मेंढरं बसवताना भोवती उभं करायचं सुताचं जाळं. वर्षभर पडून होतं तरी लोकरीचा वास होता त्याला. आबांनी ते उलगडलं, कुठं कुठं सुटलं होतं तिथं गाठी मारल्या. दोन दिवस गाठी मारत होते. त्या दोन दिवसांत त्यांनी साखरेवरून एकदाही भांडण काढलं नाही.

वाघर खुराड्याच्या पुढच्या बाजूला दुहेरी लावली.

"ह्यातनं आता लांडगा शिरायचा न्हाय," आबा म्हणाले.

"आबा, कोंबड्यांना लांडगा कशाला येईल?"

"लांडगा काय विचारून येतो व्हय?"

"बरं, वर काय घालायचं?"

"वर कशाला? मेंढराला कधी छप्पर घातलंय का मी? जनावराला वारं लागतं."

आता इथं माझी चूक. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. कोंबडी उडते हे शेंबडं पोरही सांगेल. पण मला सगळं कळत होतं ना! मी छातीठोकपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या उघडं. अंधार पडला की कोंबडीला दिसत न्हाय. रातची कोंबडी उडत न्हाय." आबांनी मान हलवली. कोंबडीच्या बाबतीत सुनेचा शब्द, भिंतीच्या बाबतीत आबांचा. असं आमचं खुराडं तयार झालं. खरोखर सांगते, लांडग्यांची टोळी आली असती तरी हात हलवत परत गेली असती.

भीती मला एकाच गोष्टीची होती. आबांची पिशवी खुंटीला लागली होती. दोन धोतरं, एक टॉवेल, औषधाची बाटली. मी ती पिशवी एकदा उतरवून पेटीत ठेवली, आबांनी गुपचूप परत खुंटीला लावली. आणि भिंतीचा शेवटचा दगड बसवताना म्हणालेही, "कोंबड्या आल्या की माझं काम संपलं बघ." म्हणून मी रोज नवीन खोड काढायची. दार वाकडं दिसतंय, जमीन हितं खोल झालीय, पाण्याचं भांडं कुठं ठेवायचं. आबा करवादायचे आणि करून द्यायचे. फक्त घोंगडी अजून ओट्यावर होती. ती पिशवीत गेली नव्हती तोवर मला आशा होती.

भाऊबीजेला पिंपळीला गेले. ओवाळून झालं, भावानं ताटात साडी ठेवली. मी ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"साडी नगं. तलंगा दे."

तलंगा म्हणजे अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या. आई म्हणाली, "अगं, भाऊबीजेला कोंबड्या मागत्यात का कुणी?" मी म्हटलं, मी मागते. शेवटी पाच तलंगा आणि एक कोंबडा डालग्यात घालून वर फडकं बांधून मिळाला. वर साडीही दिलीच, भाऊ तसा चांगला आहे. निघताना आई सांगत होती, "आणलेली कोंबडी चुलीपुढं तीनदा फिरवायची, म्हंजे घर सोडून जात न्हाय. आन् सांच्याला एक ध्यान ठेव—"

"आई, मला नगं शिकवूस. गाडी जाईल माझी."

सांच्याला काय ध्यान ठेवायचं ते मी ऐकूनच घेतलं नाही. एसटी पकडली. कंडक्टरनं मला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं आणि कोंबडा ओरडला की सगळी गाडी मागं वळून बघत होती.

शनिवारी दिवस मावळायच्या आत घरी पोचले. एकेक कोंबडी छातीशी धरून चुलीपुढं तीनदा फिरवली. आबा दारातनं बघत होते.

"हे काय?"

"असं केलं की घर सोडून जात न्हाय."

"असं?" आबा हसले. "मलाबी फिरवतीस का काय?"

"फिरवलं असतं. पन उचलायला जमायचं न्हाय."

ते हसले, मीही हसले, आणि तोंड फिरवून चुलीत फुंकर घातली. धूर झाला ते बरं झालं.

कोंबड्या वाडग्यात सोडल्या. आबांनी मूठभर बाजरी फेकली. दिवस कलला तशा आम्ही त्या खुराड्यात घातल्या, वाघर ओढून घेतली, आणि दोघं कमरेवर हात ठेवून उभे राहिलो. कोंबड्या खाली बसेनात. माना ताणून वर बघायला लागल्या. डावीकडं बघ, उजवीकडं बघ, वर बघ. मग एक तलंग उडाली ती भिंतीवरनं, काट्यांवर पाय न टेकताच पुढं, आणि गेली लिंबाच्या फांदीवर. तिच्यामागं दुसरी. तिसरी. बघता बघता सगळ्या वर जाऊन बसल्या, कोंबडा सगळ्यात उंच.

"हिर्रऽ! हिर्रऽ!" आबांनी मेंढरांना घालतात तसा आवाज घातला. काठी उंचावून फांदी हलवली. कोंबड्या अजून वर गेल्या. एवढ्यात आमचे हे आले. त्यांनी ते लांडग्याला अडवणारं खुराडं रिकामं बघितलं, झाडावर बघितलं, आणि पोट धरून हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत.

रविवारी सकाळी लिंबाखाली पिसं पडली होती. रानमांजर. पाचातल्या चार तलंगा उरल्या होत्या. आबा गुडघे धरत खाली बसले आणि एकेक पीस गोळा करायला लागले.

"उभ्या जन्मात माझ्या वाडग्यातनं लांडग्यानंबी कोकरू न्हेलं न्हाय," ते म्हणाले. "आन् ही पैल्याच रातीला गेली. थोरला म्हणतो ते खरं हाय. हितं माझं काय काम ऱ्हायलं न्हाय."

उठले, ओट्यावर गेले, घोंगडी झटकली, घडी केली आणि पिशवीत कोंबली.

माझं डोकंच फिरलं. मी ओट्यापुढं जाऊन उभी राहिले. आवाज शेजारच्या दोन घरांत गेला असणार, मला पर्वा नव्हती.

"कोंबडी कुणाची होती? माझी. रातची कोंबडी उडत न्हाय असं तुमाला कुणी सांगितलं? मी सांगितलं. चुकलं कोण? मी चुकले. मग मी कुठं जाऊ, सांगा की! पिंपळीला जाऊ का पिशवी भरून?"

आबांनी पिशवी जवळ ओढली.

"मला तुमी हितं पायजे, आबा. दिवसभर मी कुणाशी भांडू?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. घोंगडीचं एक टोक पिशवीतनं बाहेर राहिलं होतं, ते आत सारत बसले.

मी पाय आपटत वाडग्यात आले आणि लिंबाखाली उभी राहिले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई दिवस कलायच्या आत डालगं पालथं घालायची. म्हणजे तिच्या कोंबड्या खाली झोपायच्या त्या हौसेनं नव्हे, वर जायला वाटच नसायची म्हणून! सांच्याला ध्यान ठेव म्हणत होती ते हेच. कोंबडीला दिवस मावळला की उंचावर बसायचं असतं. ती मेंढरासारखी जमिनीवर बसत नाही. आबांनी मेंढराचं घर बांधलं होतं, आणि मी बाई त्याला मान डोलवत बसले होते.

मग यांना उठवलं. पडवीमागचे दोन जुने पत्रे ओढून आणले आणि खुराड्यावर टाकले, वर दगड ठेवले. पत्र्यापासून खालपर्यंत वाघर ताणली आणि खालच्या अंगाला बांबूच्या तट्ट्याची कड लावली, म्हणजे मांजर शिरायला नको. आता आत बसायला एक आडवा दांडा पाहिजे होता. उसाचं कांडं मोडणार. बाभळीची फांदी वाकडी, शिवाय काटे. हे म्हणाले, उद्या सकाळी गावातनं पाइपचा तुकडा आणतो. पण संध्याकाळ उद्यावर कशी ढकलणार? दिवस खाली आला. कोंबड्या आत घातल्या. झालं, पुन्हा माना ताणून वर बघणं सुरू. पत्र्यावर डोकी आपटायला लागल्या. मी रडकुंडीला आले.

मागनं शेंबीचा आवाज आला. आबा आले, माझ्याकडं न बघता वाकून आत शिरले. मांडीच्या उंचीवर भिंतीतली एक खपली काढली आणि काठीचं टोक त्या फटीत घातलं. दुसरं टोक समोरच्या भिंतीत. त्यांच्या डोक्याच्या वर हातभर जाणारी ती काठी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर बसली. आबांनी दोन्ही हातांनी दाबून बघितली. बाहेर आले आणि वाघर ओढली.

पहिली तलंग उडाली नि काठीवर बसली. पाय वरखाली केले, पिसं फुगवली. मग दुसरी आली, तिला ढकलून जागा केली. चारही झाल्या. शेवटी कोंबडा.

"दोन. चार. आन् एक," आबांनी मोजलं. मेंढरं मोजायचे तशी जोडी-जोडीनं.

मग काठी टेकायला हात पुढं केला आणि तो हात तसाच राहिला. मी माझा खांदा पुढं केला. आबांनी तो धरला आणि आम्ही हळूहळू ओट्यापर्यंत आलो.

सोमवारी सकाळी यांनी पाइप आणून दिला. चांगला, सरळ, लांबीलाही बरोबर. मी तो ओट्याखाली मागं सरकवला आणि पुढं पोतं टाकलं. दिवसभर आबांनी पाइपचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

भावजी ऑफिस सुटल्यावर कुणाची तरी जीप घेऊन आले, तोवर दिवस मावळत आला होता. खुंटीवरची पिशवी बघून त्यांना बरं वाटलं.

"चला आबा, निघू."

"काठी न्हाय," आबा म्हणाले.

"कुठाय?"

"वाडग्यात. अडकलीय."

भावजी वाडग्यात गेले. मागोमाग आबा, माझ्या खांद्याला धरून. आत काठीवर चार तलंगा आणि कोंबडा एकमेकांना खेटून बसले होते. भावजींनी वाघर बाजूला करून हात घातला तसा कोंबडा डोळे उघडून गुरगुरला.

"हात लावू नगंस," आबा म्हणाले. "आत्ता कुठं बसल्यात."

"अवो मग उतरवा की त्यांना!"

"सकाळच्याला उतरत्यात. आपल्या आपण."

"आन् तुमी?"

"काठीबिगर मी वेशीभायेर जात न्हाय. तुला ठावं हाय."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघत होते.

"बरं," ते म्हणाले, "मी इंदापुरातनं नवी काठी घेऊन येतो."

"आण की," आबा म्हणाले. "तवर हाय मी हितं."

आठ दिवसांनी भावजी खरंच नवी काठी घेऊन आले. बाजारातली भारीतली, पॉलिशची, जुनीएवढीच लांब बघून घेतलेली. आबांनी ती उलटसुलट करून बघितली, जमिनीवर ठोकून बघितली, चांगली हाय म्हणाले. मग माझ्या खांद्याला धरून उठले, वाडग्यात गेले, आणि भिंतीतल्या दोन खपल्या काढून ती जुन्या काठीच्या शेजारी, जरा वरच्या अंगाला आडवी बसवली.

"कोंबड्या वाढणार," ते भावजींना म्हणाले. "एका काठीवर किती मावतील?"

भावजींनी हात घालून ती दाबून बघितली, घट्ट बसली होती. मग घरात आले, खुंटीवरची पिशवी स्वतःच्या हातानं उतरवली, घोंगडी बाहेर काढली, आणि ओट्यावर आबांच्या जागेला नेऊन अंथरली.